जमील गादीवाल्याचं ‘होऊन राहिलं’

आखाडा बाळापुरात जमील गादीवाल्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यानं सांगितलेल्या दिवशी गादी हातात पडली असाही माणूस सापडायचा नाही. त्याचं दुकान माझ्या बी-बियाण्याच्या दुकानाला लागून आहे. मधे नुसता पत्रा. त्यामुळे त्याचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं मला फुकटात ऐकू येतं.

गिऱ्हाईक विचारतं, “काय जमीलभाई, आमच्या गादीचं काय झालं?”

जमील पिंजायच्या मशीनवरून मान वर न करता म्हणतो, “होऊन राहिलं.”

होत काहीच नसतं. कापूस अजून आणायचा असतो, खोळीचं कापड गिऱ्हाइकानंच दिलेलं नसतं. पण ‘होऊन राहिलं’ ऐकलं की माणूस निवांत घरी जातो. गावात लग्न ठरलं की गादीची वर्दी लग्नाच्या आधी नव्हे, साखरपुड्याच्याही आधी द्यायची, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. माझ्या पुतणीचं बाळ बसायला लागलं तेव्हा तिच्या लग्नातली गादी आली.

पण त्याला कुणी खोटारडा म्हणालं तर मी भांडेन. जमीलला समोरच्याचं उतरलेलं तोंड बघवत नाही, एवढाच त्याचा आजार. ‘नाही’ हा शब्द त्याच्या जिभेला जडच जातो. भीड भिकेची बहीण म्हणतात. जमीलच्या बाबतीत ती सख्खी बहीण, आणि लहानपणापासून त्याच्याच घरात राहायला. धंद्याचा हात मात्र चोख. बापाची कापूस पिंजायची धनुकली अजून भिंतीवर टांगलेली आहे. त्याच्या गादीचे टाके दहा वर्षांनीही उसवत नाहीत. उशिरा येते, पण आली की टिकते, असं लोक म्हणतात आणि पुन्हा त्याच्याचकडे जातात.

त्याला एकच लेकरू, कहकशा. पोरगी हुशार निघाली. बाळापूर, मग हिंगोली, मग नांदेडला रसायनशास्त्र शिकली आणि तिथंच संशोधनाला लागली. काय संशोधन करते ते गावात कुणाला धड सांगता यायचं नाही. जमील एकदा प्रयोगशाळा बघून आला आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं मला सांगितलं.

“किशनराव, काचेच्या नळीत राजगिऱ्यावानी बारीक मणी असतात. त्या मण्याला एक दुवा लावायचा. धुवायचं. दुसरा लावायचा. परत धुवायचं. असे चारपाचच दुवे. मंग त्याला चरबीची शेपटी लावायची अन् मण्यापासून सोडवून घ्यायचं.”

“अन् मग?”

“मंग काय! कॅन्सरच्या पेशीला वरून खोळ असती, पातळ, ती बी चरबीचीच. हे दुवे त्या खोळीला जाऊन चिकटतात, शेपटी आत घुसती अन् खोळ टर्रकन फाटती. पेशी मेली.” मग मिशीतला कापूस झटकत म्हणाला, “आमी खोळ शिवतो, पोरगी फाडून राहिली. धंदा एकच की हो.”

नंतर कहकशानंही मला हेच सांगितलं, जरा नीट. ते दुवे म्हणजे अमिनो आम्लं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या दुव्यांची लांबच लांब साखळी असते, तेच दुवे, पण मोजके. त्यांच्यावर विजेचा जो भार असतो त्याच्या उलटा भार कॅन्सरच्या पेशीवर जास्त असतो, म्हणून ते तिकडे ओढले जातात. चांगल्या पेशींकडे कमी जातील अशी अपेक्षा. “अपेक्षा आहे काका,” असं ती दोनदा म्हणाली होती. मी तेव्हा मान डोलावली. आपण मान डोलावतोच.

तर तिचा पहिला लेख बाहेरच्या कुठल्याशा मासिकात छापून आला, आणि बाळापूरला अभिमानाचं भरतं आलं. आपल्याकडे अभिमान आला की तो चौकात लावावा लागतो. वर्गणी न मागता अकरा शुभेच्छुक तयार झाले. त्यात मी एक. फोटो देताना मी गॉगल लावलेला दिला, हेही सांगून टाकतो, कारण पुढे तो सगळ्या गावानं बरेच दिवस बघितला.

मजकूर कहकशानं फोनवर पाठवला होता: ‘कर्करोगावर भविष्यात उपयोगी ठरण्याची शक्यता असलेल्या लहान रेणूंवरील संशोधनाबद्दल अभिनंदन.’ जमील आणि मी तो घेऊन साजीदच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. साजीदनं वाचला आणि डोकं खाजवलं.

“चाचा, हे लई लांब झालं. अकरा फोटो बसवायचेत. अक्षरं मुंगीएवढी होतील.”

“मंग?”

“‘शक्यता’ काढतो. शक्यतेसाठी कुणी सत्कार करतं का? पोरगं पास झालं तर आपण ‘पास होण्याची शक्यता’ लिहितो का?”

आम्ही हसलो. साजीदनं दोन मिनिटांत लिहिलं: ‘कॅन्सरवर औषध शोधले! बाळापूरची सुकन्या डॉ. कहकशा हिचे हार्दिक अभिनंदन!’ ती अजून डॉक्टर झाली नव्हती. जमीलनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. लेकीचा फोटो मधोमध होता, खाली त्याचं नाव, ‘जमील गादीवाले यांची कन्या’, माझ्या गॉगलपेक्षा मोठ्या अक्षरात. त्याचं नाव आजवर दुकानाच्या पाटीवरही धड लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, “चालतंय.”

फ्लेक्स चौकात लागला, कुणीतरी त्याचा फोटो कहकशाला पाठवला आणि तासाभरात तिचा फोन आला. घरात ते दखनी बोलतात, मी आपल्या मराठीत सांगतो. पत्र्याआडून मला फक्त जमीलचंच ऐकू येत होतं.

“अगं, लोकांनी हौसेनं लावलाय... हौ, हौ, बराबर आहे तुझं... औषध न्हाई, मालूम आहे... काढतो ना. उद्या काढतो.”

आता जमीलचा ‘उद्या’ म्हणजे काय ते मी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. फ्लेक्स जागचा हलला नाही. येणारे-जाणारे गाडी थांबवून वाचायचे. जमील दुकानात जायला रोज चौकातून वळसा घेऊन येऊ लागला, वाट लांब पडायची तरी. त्याला मी हसलो नाही. माणसाला आयुष्यात एकदा तरी असा वळसा घ्यावासा वाटतो.

त्याच सुमारास अनुसूयाबाई त्याच्या दुकानात आल्या.

अनुसूयाबाई म्हणजे महादेवाच्या देवळात पूजा करणाऱ्या विष्णुपंतांच्या मंडळी. पण गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं ते अंगणवाडीमुळे. निम्म्या गावाची अक्षरं त्यांच्या हातची. कहकशा लहानपणी अंगणवाडीच्या दारात भोकाड पसरायची तेव्हा बाई तिला कडेवर घेऊन आत न्यायच्या आणि तशीच कडेवर ठेवून बाकीच्यांना गाणी म्हणायला लावायच्या. तेव्हापासून दर रमजान ईदला बाई जमीलच्या घरी येऊन एक वाटी शीरखुर्मा खाऊन जातात. विष्णुपंत येत नाहीत, पण ‘जाऊ नको’ असंही कधी म्हणाले नाहीत.

बाईंच्या छातीत गाठ निघाली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासणी करून कॅन्सर असल्याचं सांगितलं, ऑपरेशनची तारीख दिली. बाई तारखेआधी सरळ गादीच्या दुकानात आल्या आणि कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी स्टुलावर बसल्या.

“जमीलभाऊ, खरं सांगा. कहकशाचं औषध कधी येतंय?”

मशीन बंद झालं. मी पत्र्याआड कान देऊन ऐकत होतो, कारण जमीलचा तो फोन ऐकूनही मला तेव्हा फ्लेक्सच खरा वाटत होता.

“काहून बाई?”

“मला निघालंय ते. डॉक्टर कापा म्हणतात. ह्यांना तर रक्त बघवत न्हाई, माझा बी जीव घाबरून राहिला. म्हटलं, माझ्या हाताखालची पोरगी औषध काढून राहिली, मंग मी काहून कापून घेऊ? थोडं थांबलं तर चालंल का?”

जमीलनं काही तरी बोलायला तोंड उघडलं असणार. बाईंचा चेहरा कसा होता ते मला दिसलं नाही, त्याला दिसला. त्याला लेकीनं फोनवर बजावलेलं होतं, त्याला सगळं मालूम होतं. आणि तरी पत्र्यापलीकडून मला तेच ऐकू आलं, जे रोज येतं.

“होऊन राहिलं, बाई.”

बाई उठल्या. जाताना माझ्या दुकानासमोरून गेल्या तेव्हा चेहरा हलका झालेला होता. ऑपरेशनची तारीख संक्रांतीनंतरची होती. बाई गेल्या नाहीत. नंतर जमीलनं मला सांगितलं, “मला वाटलं, मी असं म्हटलं तरी डॉक्टरकडं तर जातीलच. गिऱ्हाईक मला बोलून बी जातं अन् बाजारातून गादी बी घेतं.” आपल्या बोलण्यावर कुणी इतका भरवसा ठेवावा याची त्याला सवयच नव्हती.

हळदी शिजवायचे दिवस आले, गावभर तो उग्र वास पसरला, आणि ईद आली. कहकशा घरी आली होती. मीही शेजारधर्मानं शीरखुर्म्याला गेलो होतो. जमीलची बायको गौसिया वाट्या भरत होती. बाई आल्या. किती वाळल्या होत्या ते बघून कहकशा दारातच थबकली. बाईंनी अर्धी वाटी खाल्ली, बाकीची बाजूला ठेवली आणि पिशवीतून तपासणीची फाईल काढून तिच्या मांडीवर दिली.

“बघ बाई आता तूच. तुझं औषध मला कधी देतीस?”

कहकशानं फाईल उघडली. वाचता वाचता तिचा रंग उतरला.

“बाई, हे इतके दिवस...? ऑपरेशन काहून न्हाई केलं?”

“तुझं औषध येऊन राहिलंय म्हणून थांबले.”

“औषध न्हाई ते, बाई. अजून न्हाई.”

“अगं, चौकात लिहिलंय.”

“चौकात चुकीचं लिहिलंय.”

“मंग तुझे अब्बा म्हणाले, होऊन राहिलं...”

कहकशानं बापाकडे पाहिलं. जमील हातातल्या वाटीत बघत होता. गौसियाच्या हातातला चमचा पातेल्यावरच राहिला. आयुष्यात मी पुष्कळांच्या माना खाली गेलेल्या पाहिल्यात, बँकेत, पंचायतीत, लग्नाच्या मांडवात. पण स्वतःच्या घरात, ईदच्या दिवशी, नव्या सदऱ्यात माणूस इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना.

कहकशा बाईंच्या पायाशी खाली बसली. तिनं आवाज शांत ठेवला होता, पण बोटं फाईलचा कोपरा सारखा दुमडत होती.

“बाई, ऐका. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्यानं मेल्या, एवढं खरं आहे. पण त्याच्यानंतर मी माझंच रक्त काढलं अन् त्यात ते टाकून बघितलं. नळीतलं वरचं पाणी लालभडक झालं. म्हणजे रक्तातल्या चांगल्या पेशी बी फुटल्या. आज मी तुमाला ते दिलं, तर गाठीच्या आधी तुमचं रक्त फुटंल. ते सुधरायला कितीक वर्षं लागतील, अन् सुधरंलच असं बी न्हाई.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लहान पोराचा पाढा ऐकावा तसं, मधे न बोलता. मग म्हणाल्या, “म्हणजे मी ती तारीख उगंच सोडली.”

बाईंनी उरलेला शीरखुर्मा संपवला, ताटात अन्न टाकायचं नाही हे त्या पोरांना शिकवायच्या म्हणून असेल, आणि कहकशाचा हात धरून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन नांदेडला जायचं ठरलं.

बाईंना घरी पोचवून कहकशा परत आली आणि बापासमोर उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “अब्बा, ती गादी नव्हती.”

जमील तसाच उठला, ईदच्या कपड्यांत चौकात गेला, शिडी लावून स्वतः फ्लेक्स सोडू लागला. चौकातली माणसं हसायला लागली. “काय जमीलभाई, पोरीचं औषध संपलं का?” तो दोऱ्या सोडत राहिला. एक दोरी सुटेना तर दातानं सोडली. शिजवलेली हळद झाकायला म्हणून गावातल्या हरिचंदनं तो फ्लेक्स मागितला. आपल्याकडे उतरलेला फ्लेक्स कुणी वाया घालवत नाही, अर्ध्या गावाचे गोठे कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसानं झाकलेले आहेत. जमील म्हणाला, “न्हाई.” मागणाऱ्याला त्यानं दिलेला, मी ऐकलेला हा पहिला ‘न्हाई’. घरी नेऊन त्यानं तो कात्रीनं चिंध्या चिंध्या होईस्तोवर कापला. त्यात माझा गॉगलही गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नांदेडच्या डॉक्टरांचं बाईंवर रागावून झालं. गाठ वाढली होती, काखेतही उतरली होती. आता आधी औषधाच्या सुया, मग जमलं तर ऑपरेशन. जमलं तर. कहकशा प्रयोगशाळेतून सुटली की वॉर्डात जाऊन बसायची. तिनं त्या रेणूची शेपटी आखूड करून बघायला सुरुवात केली होती. जमील आता फोनवर औषधाबद्दल विचारत नसे. पत्र्याआडून मला एवढंच ऐकू यायचं, “रक्त फुटलं का?” मग पलीकडचं ऐकून, “अच्छा. फुटलं.”

धंद्यातही तो बदलला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, “महिना लागंल. लई हातात आहे.” लोकांना ते पटेना. इतकी वर्षं गोड बोलणारा माणूस अचानक खरं बोलायला लागला तर लोकांना तो माजल्यासारखा वाटतो. दोघंतिघं फोमची गादी घ्यायला हिंगोलीला गेले. तो दुकानात असूनही नसल्यासारखा बसायचा. बाईंच्या घरावरून जायचं टाळून मागच्या गल्लीतून यायचा. पूर्वी चौकाचा वळसा घ्यायचा, आता हा वळसा. विष्णुपंत एकदा समोर आले तर हा माणूस चक्क माझ्या दुकानात शिरून बियाण्याच्या पाकिटांवरची चित्रं बघत उभा राहिला. मी म्हणालो, “अरे, ते तुला काही बोलले का?” म्हणाला, “तेच तर. बोलत न्हाईत.”

मग एक दिवस त्यानं बाईंसाठी गादी करायला घेतली. दवाखान्याच्या खाटेच्या मापाची, पातळ, नव्या कापसाची. कुणी वर्दी दिली नव्हती. कहकशाला फोनवर म्हणाला, शुक्रवारी घेऊन येतो. आणि शुक्रवारी सकाळी गादी तयार होती. मी मुद्दाम पत्र्याच्या फटीतून पाहिलं. जमीलच्या हातून सांगितल्या दिवशी तयार झालेली ती पहिली गादी.

माझ्या जीपमध्ये टाकून आम्ही नांदेडला गेलो. वॉर्डाच्या दारात सिस्टरनं अडवलं.

“कापसाची गादी आत नाही चालत. इथल्या पेशंटला जंतूंची भीती असते. परत न्या.”

एरवी जमीलनं दहा गोड शब्द खर्च केले असते. त्यानं गुंडाळलेली गादी मुकाट खांद्यावर घेतली आणि तिला भिंतीला टेकवून दाराबाहेर ठेवली. आम्ही आत गेलो. बाईंच्या डोक्यावरचे केस गेले होते, पदर घट्ट बांधलेला होता. आम्हाला बघून त्या उठून बसल्या. शेजारच्या खाटेवर एक तरण्या वयाची बाई होती, वसमतकडची. बाई कौतुकानं तिला म्हणाल्या, “हे आमचे जमीलभाऊ. मी सांगितलं न्हाई का, यांची पोरगी यावरच शिकून राहिली, औषधावर.”

ती तरणी बाई कोपरावर रेटून उठली. तिच्या हाताला सलाईन होतं. तिनं जमीलकडे असं पाहिलं की मीच नजर खिडकीकडे वळवली.

“भाऊ, मला या सुया सोसवत न्हाईत. त्या पोरीचं औषध कधी येतंय? थोडं थांबलं तर चालंल का?”

तेच शब्द. जमीलचे ओठ हलले. मला खरंच वाटलं, आता ते दोन शब्द येणार. त्यानं खाटेची दांडी धरली.

“न्हाई, ताई,” तो म्हणाला. “येत न्हाई. त्यानं अजून रक्त फुटून राहिलंय. पोरगी करून राहिली, पण तुमच्या वक्तावर येणार न्हाई. थांबू नका. तकलीफ झाली तरी इथली सुई सोडू नका.”

तिचं तोंड उतरलं. ती परत आडवी झाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. जमील तिच्याकडे बघत उभा होता, नजर न काढता. आयुष्यभर ज्या गोष्टीला तो भ्यायला, ती झाली होती आणि त्यानं ती सोसली होती. मला त्याचा अभिमान वाटायला लागला, तेवढ्यात बाईंचा आवाज आला. रागाचा नव्हता. अंगणवाडीत पोराला विचारावं तसा होता.

“इतकं तर सोपं होतं, भाऊ. मंग मला काहून न्हाई सांगितलं?”

अनोळखी बाईचं उतरलेलं तोंड त्याला बघवलं, आणि ज्या माउलीनं त्याच्या लेकीला कडेवर घेतलं तिचं बघवलं नव्हतं. हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो वाकला, बाईंच्या खाटेला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि बाहेर गेला. मी गेलो तेव्हा तो भिंतीशी गादीला धरून उभा होता. येताना जीपमध्ये तो मागे गादीपाशीच बसला.

ती गादी आता त्याच्या दुकानात वरच्या फळीवर आहे, स्वच्छ कापडात बांधून. लग्नसराई लागली की गिऱ्हाईक वर बोट दाखवतं.

“जमीलभाई, ती तयार दिसतीय, द्या की.”

“ती बाईंची आहे.”

“कधी नेणार त्या?”

पत्र्याआड मी हातातलं काम थांबवतो.

“मालूम न्हाई,” जमील म्हणतो, आणि मशीन चालू करतो.